कावळा कुणाच्या शब्दाला आला

साताऱ्याच्या मैदानावर हाफटाइमला मी मुलांना लिंबाच्या फोडी वाटत होतो. इंगवले सर जवळ आले आणि म्हणाले, "श्रीपती, तू जरा खुर्चीवर बस."

मैदानावर खुर्ची एकच होती आणि ती सरांची होती. मी म्हणालो, "उभाच बरा हाय, सर."

"बस म्हणतो ना."

त्यांनी माझ्या हातातली लिंबाची ताटली काढून घेतली आणि स्वतः वाटायला लागले. मुलं बघत राहिली. बंडा तोडकर आमचा कप्तान. तो म्हणाला, "सर, जिंकायच्या आधीच मामांना बढती?" सगळे हसले. सर हसले नाहीत.

मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या जिमखान्यात शिपाई होतो. बॉलमध्ये हवा भरायची, फक्कीच्या रेघा मारायच्या, सामना असेल तिथं जाळीतले बॉल खांद्यावर टाकून संघाबरोबर जायचं. जर्सी धुवायला घरी आणायच्या. ते काम माझं होतं पण करायची माझी बायको, मालन. मुलं मला मामा म्हणायची, म्हणून ती मामी झाली. कॉलेज-कॉलेजमधल्या फुटबॉल स्पर्धेचा हा सेमीफायनलचा सामना होता. आमचं कॉलेज त्याआधी कधी इतकं पुढं आलं नव्हतं.

दुसऱ्या हाफमध्ये इम्तियाजचा खांदा निखळला. इम्तियाज मुजावर आमचा गोलकीपर. उजवीकडं झेप घेतली, बॉल बाहेर काढला आणि तसाच पडून राहिला. मी पळत गेलो. त्याचा खांदा आधीही दोनदा निखळला होता, त्यामुळं काय करायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी मनगट धरलं, त्यानं दात आवळून अंग मागं टाकलं, आणि खांदा जागेवर बसला.

"मामीला सांगू नका," तो म्हणाला.

"न्हाई सांगत. ऊठ."

आम्ही एका गोलनं जिंकलो. मुलं एकमेकांच्या अंगावर चढून नाचायला लागली. सर मला गोलपोस्टच्या मागं घेऊन गेले.

"श्रीपती, इथल्या कॉलेजच्या ऑफिसात आपल्याकडनं फोन आला होता. वहिनी..."

"दवाखान्यात नेलंय?"

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

"कधी आला फोन?"

"हाफटाइमच्या आधी." मग म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर पोरांना कळलं असतं. त्यांचे पाय चालले नसते."

मी बरं म्हणालो. पुढं पुष्कळांनी मला सांगितलं की सरांनी वाईट केलं. मला तसं वाटलं नाही. कोल्हापूरची एसटी साडेपाचची होती. आधी सांगितलं असतं तरी मी त्याच एसटीनं गेलो असतो.

घरी पोचलो तेव्हा आळी दारात जमलेली होती. मालनला आत निजवलं होतं. सकाळी सरावाच्या जर्सी धुऊन तिनं दोरीवर टाकल्या, रिकामी बादली घेऊन आत आली आणि चुलीपाशी खाली बसली, ती तशीच गेली. शेजारच्या आक्का मिठाला आल्या म्हणून कळलं. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. आळीतल्या माणसांनी सगळं केलं होतं, दिवा लावला होता, गावाकडं तिच्या भावाला निरोप धाडला होता. जर्सी तेवढ्या दोरीवर तशाच होत्या. त्यांच्याखालनं वाकून मी घरात गेलो.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. सामन्याच्या दिवशी मुलं आमच्याकडं जेवायची, भात आणि मुगाचं वरण, जड काही नाही. आदल्या संध्याकाळी मालन सगळ्या जर्सी घडी करून देवापुढं ठेवायची आणि प्रत्येकीच्या कॉलरला आतून अंगारा लावायची. इम्तियाज पहिल्यांदा संघात आला तेव्हा त्याच्या जर्सीला तिनं लावला नाही. त्यानं कॉलर उलटी करून बघितली आणि विचारलं, "मामी, माझ्या का न्हाई?"

"तुझ्या अब्बांना चालंल का?"

त्याचे वडील, दस्तगीरभाई, पंचगंगेच्या वाटेवरच्या एका लहानशा दर्ग्याचे मुजावर होते. त्यांनी निरोप धाडला, "लावा की. आणि आमच्या पिराची उदी धाडतो, ती बाकीच्या पोरांना लावा. गोल काय एकटा गोलकीपर अडवतो व्हय?" तेव्हापासून सगळ्या कॉलरना दोन्ही लागायचं. जर्सी पांढऱ्या होत्या. डाग निघायचे नाहीत आणि मालन माझ्यावरच करवादायची.

इम्तियाजच्या खांद्याला ती करंजाचं तेल गरम करून चोळायची. चोळताना दर वेळी एकच बोलणं. "सोड रं बाबा हा खेळ. हात कायमचा गेला तर तुझ्या आईला मी काय सांगू?" आणि त्याच्या जर्सीच्या उजव्या खांद्यात जुन्या गोधडीचा तुकडा घालून तिनं आतून गादी शिवून दिली होती.

दहाव्याला घाटावर गेलो. माझं डोकं तासलं. भटजींनी पिंड मांडले, आम्ही बाजूला झालो आणि कावळ्याची वाट बघायला लागलो. कावळे पुष्कळ होते. पायऱ्यांवर, झाडावर. शेजारी दुसऱ्या कुणाचा दहावा होता, त्यांचा पिंड मांडल्या मांडल्या शिवला. आमच्याकडं एक यायचा, दोन पायऱ्या वर बसायचा, मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा.

आमच्यात असं मानतात की गेलेल्या माणसाचं काही मनात राहिलं असलं की कावळा शिवत नाही. मग नातेवाइकांनी एकेक करून शब्द द्यायचा. मालनचा भाऊ यशवंता पुढं झाला. "अक्का, दाजींची काळजी करू नकोस. त्यांच्या दोन घासाचं आम्ही बघतो." कावळा आला नाही. त्याची बायको म्हणाली, "तुमच्या देवाचं कुलाचार मी करीन." आला नाही. ऊन वर आलं. बायका पदर डोक्यावर ओढून कुजबुजायला लागल्या. भटजी दर्भाची काडी हातात घेऊन म्हणाले, "फार वेळ झाला. दर्भाचा कावळा करून शिववू."

"न्हाई," यशवंता म्हणाला. "ती अशी अडकून ऱ्हायची न्हाई. थांबा."

संघातली मुलं सगळी आली होती, वरच्या पायरीवर उभी होती. इंगवले सर पायातल्या चपला काढून खाली आले. हात जोडून म्हणाले, "वहिनी, फायनल जिंकतो. कप तुमच्या दारात आणून ठेवतो."

कावळा झाडावरच राहिला. मागून तोडकर हळूच म्हणाला, "कावळ्यालाबी आपल्या फॉरवर्ड लाइनचा भरवसा न्हाई." एकदोघांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. मला राग आला नाही. मालनही हसली असती.

यशवंता माझ्याकडं वळला. "दाजी, तुम्ही बोला आता. तुमचंच ऱ्हायलंय."

मी पुढं झालो. हात जोडले, डोळे मिटले. किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. मग मागून इम्तियाजचा आवाज आला, मोठ्यानं, रडवा.

"मामी, मी खेळ सोडला. पुन्हा बॉलला हात लावणार न्हाई. फायनलबी न्हाई. जा तुम्ही."

मी डोळे उघडले तेव्हा कावळा पिंडावर होता.

लोकांनी हात जोडले. बायका मोकळ्या झाल्या, रडल्या. यशवंतानं इम्तियाजला पोटाशी धरलं. फक्त इंगवले सर तसेच अनवाणी उभे होते. त्यांच्या तोंडाचा रंग गेला होता.

फायनल तीन दिवसांवर होती, कोल्हापुरातच. त्या सामन्याला पोलीस संघाचे साहेब येणार होते. त्यांना नोकरीवर घ्यायला गोलकीपर पाहिजे होता आणि इम्तियाजचं नाव त्यांच्यापर्यंत पोचलेलं होतं. घरात पाच माणसं आणि दर्ग्यात पडेल त्यावर पोट. हे सगळ्या संघाला ठाऊक होतं. त्याला स्वतःला तर होतंच. दहाव्याच्या संध्याकाळी त्यानं हातमोजे सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि नमस्कार करून गेला.

सर दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आले. जमिनीवर बसले.

"श्रीपती, तो ऐकत नाही. मी ओरडलो, समजावलं. शब्द दिलाय म्हणतो."

"दुसरा पोरगा हाय की. सदा."

"सदा!" सर म्हणाले. "त्याच्या डोक्यावरनं बॉल घालवायला फार वर मारायची गरज नाही. नुसता मारला तरी जातो." मग म्हणाले, "कप जाऊ दे. खरंच जाऊ दे. पण त्या पोराची नोकरी जाईल रे. तू एकदा बोल. तुझं ऐकेल."

मला उठायचाही कंटाळा आला होता. दहा दिवस लोकांशी बोलून तोंड दुखत होतं. तरी फायनलच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर मी दर्ग्याकडं गेलो. दस्तगीरभाई पणत्यांत तेल घालत होते. इम्तियाज हौदातलं पाणी घागरीनं आणून फरशी धूत होता. मला बघून त्यानं घागर खाली ठेवली.

"या श्रीपतराव. वर या."

"सुतक हाय. हितंच पायरीवर बसतो."

"सुतक तुमच्या देवाला. पिराला काय त्याचं? वर या."

मी वर गेलो. चहा आला. मी म्हणालो, "दस्तगीरभाई, पोराला उद्या सोडा."

"मी काय बांधून घातलंय? बघा, दोन्ही हात मोकळं हायत त्याचं."

इम्तियाज म्हणाला, "मामा, मी येत न्हाई."

"अरे, तुझी मामी तसं बोलायची. बायका बोलतात. तुला मिसरूड फुटायच्या आधीपासनं ती सगळ्या पोरांना सोडा-सोडा म्हणत आली. एकानं तरी सोडला का? आणि तुझ्या जर्सीला गादी कुणी शिवली? खेळू नये असं वाटत असतं तर तिनं शिवली असती?"

त्यानं जरा विचार केला. "ती पडलो तर लागू नये म्हणून शिवली, मामा. खेळावं म्हणून न्हाई."

"आणि तसं न्हवतं तर कावळा का आला?" तो म्हणाला. "सगळे बोलले. सर बोलले. न्हाई आला. मी बोललो आणि आला. तुम्ही तिथंच हुतासा. तुम्ही सांगा, खोटं हाय का?"

"खोटं न्हाई."

"मग?"

दस्तगीरभाईंनी तेलाचा डबा बाजूला सरकवला. "श्रीपतराव, मी त्याला पोसीन, नोकरी लागू दे न लागू दे. पण मीबी त्याला जा असं म्हणू शकत न्हाई. लोक हसतात मला, मुजावराचा पोरगा आणि कावळ्याला घाबरतो. त्यानं शब्द कावळ्याला न्हाई दिलेला. बाईला दिलाय. तुमची मालन असती, तर मी स्वतः याला घेऊन आलो असतो, तिच्या पायावर घातला असता, म्हटलं असतं, बाई, पोराचं तोंड सुटलं, त्याचा शब्द त्याला माघारी दे. तिनं दिला असता. आता ती गेली. आता माघारी कुणाकडं मागायचा?"

ते बरोबर होतं. मी चहाची बशी खाली ठेवली. बाहेर रस्त्यानं उसाची गाडी चालली होती, बैलांच्या घुंगरांचा आवाज आत येत होता.

मग मी म्हणालो, "इम्तियाज, तू बोललास तवा मी कुठं हुतो?"

"तुम्ही? पुढं. पिंडाजवळ."

"काय करत हुतो?"

"हात जोडून उभं हुतासा. डोळं मिटून."

"मग मी काय नुसताच उभा हुतो व्हय रं? माझा शब्द चालला हुता मनात. तुझ्या आधीपासनं चालला हुता. तू मधीच ओरडलास. कावळा माझ्या शब्दाला आला."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "खरं?"

"मालनची शपथ घेऊ?"

"नको नको." मग त्यानं विचारलं, "काय बोललासा तुम्ही?"

मी खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली. दस्तगीरभाई माझ्याकडं बघत होते. पुष्कळ वेळ बघत होते. मग एकदम पोरावर ओरडले, "नवस विचारतोस? अक्कल हाय का? सांगितलेला नवस फिटत न्हाई, एवढंबी शिकवलं न्हाई तुला? आणि नवरा समोर उभा असताना तुझ्या शब्दाला कावळा कशाला येईल? तू कोण लागून गेलास? शाहू महाराज?"

इम्तियाज हसला आणि हसता हसता रडायला लागला. बाहीनं नाक पुसलं.

"जा," दस्तगीरभाई म्हणाले. "हातमोजं सरांकडं हायत न्हवं? जा, घेऊन ये. आणि घागर भरून ठेवून जा, अर्धी फरशी तशीच हाय."

तो घागर न भरताच पळाला. आम्ही दोघं बसलो. दस्तगीरभाईंनी कागदाच्या पुडीत उदी बांधली आणि माझ्या हातात दिली.

"श्रीपतराव, आता तो शब्द तुम्हाला फेडायला लागणार."

"व्हय."

"माझ्या पोराच्या डोक्यावरनं उतरून तुम्ही घेतलाय. हितं बसून घेतलाय. इसरायचं न्हाई."

"न्हाई इसरत."

दुसऱ्या दिवशी माझ्या घरी तेराव्याचं जेवण होतं आणि दुपारी चारला फायनल. जर्सी मीच धुतल्या होत्या. दोरीवरच्या काढल्या होत्या शेजारच्या आक्कांनी, त्या सरावाच्या. सामन्याच्या माझ्या पिशवीतच पडून होत्या, साताऱ्याच्या मातीसकट. माती नीट निघाली नाही. सकाळी पूजा झाल्यावर मी त्या देवापुढं ठेवल्या आणि कॉलरना अंगारा आणि उदी लावली. मालन किती लावायची ते मला ठाऊक नव्हतं. जास्त लागली. मैदानात मुलं कॉलर झाडत होती आणि तोडकर म्हणाला, "मामा, जर्सी घालायची का शिंकायचं?"

आम्ही हरलो. एकच गोल झाला, तोही तोडकरच्याच पायाला लागून. इम्तियाजला तो अडवता येण्यासारखा नव्हता. बाकी त्यानं काही जाऊ दिलं नाही. शेवटी शेवटी त्याचा खांदा पुन्हा निखळला, गादी असूनही. मी उठलो, पण माझ्या आधीच त्यानं पोस्टला टेकून तो बसवला. माझ्याकडं बघितलं. या वेळी तो काही म्हणाला नाही. सांगू नका म्हणायला घरात कुणी नव्हतं.

पोलीस संघाच्या साहेबांनी त्याला तिथंच बोलावून घेतलं. कप दुसऱ्यांकडं गेला. इंगवले सर नंतर महिनाभर माझ्या घरावरनं जायचे टाळत होते, कारण कप दारात ठेवतो म्हणाले होते. एके दिवशी मीच त्यांना हाक मारून चहा पाजला.

याला पुष्कळ वर्षं झाली. इम्तियाज तीन वर्षं पोलीस संघातनं खेळला, मग खांद्यानं सोडायला लावलं, नोकरी राहिली. आता त्याची मुलं कॉलेजात आहेत. मी रिटायर झालो. दर वर्षी उरुसाला मी दर्ग्यात जायचो आणि दस्तगीरभाई मलिदा हातावर ठेवताना हळूच विचारायचे, "फिटला का?"

"न्हाई अजून."

"घाई न्हाई," ते म्हणायचे.

त्यांना कळलं होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. गेल्या साली ते गेले. या उरुसाला मलिदा इम्तियाजनं दिला, केस पांढरे झालेत त्याचे, आणि बापासारखंच हळू आवाजात विचारलं, "मामा, तो शब्द फिटला?"

"न्हाई अजून," मी म्हणालो.

आता लिहून ठेवतो. घाटावर मी हात जोडून, डोळे मिटून उभा होतो, तेव्हा माझ्या मनात कसलाही शब्द नव्हता. मी फार दमलो होतो. सगळे बघत होते, काहीतरी सांगायला पाहिजे होतं, आणि मला आठवत होतं ते एवढंच, की दोरीवरच्या जर्सी कुणी काढल्या का. मी तोच विचार करत होतो. मग इम्तियाज ओरडला.

कावळा कुणाच्या शब्दाला आला हे मला माहीत नाही. भावानं, भावजयीनं, सरांनी, पोरानं, सगळ्यांनी त्या दिवशी मालनला काहीतरी सांगितलं. मी अजून काही सांगितलेलं नाही.